इंजिन चढवायची मजुरी

रात्री साडेनऊनंतर जुन्या माणसाचा फोन आला की मी आधी मनाची तयारी करतो. गेल्या काही वर्षांत असे फोन बहुतेक वेळा दोनच कारणांसाठी येतात. कोणी तरी गेलेलं असतं, नाहीतर पेन्शनचं काही तरी अडलेलं असतं. त्या रात्रीचं कारण तिसरंच निघालं.

"जय हिंद साहेब. मी तुमच्याच भागात आहे. इंजिननं रॉड बाहेर काढला."

हा माझा जुना ड्रायव्हर. मी कॅप्टन असताना तो नाईक होता, हवालदार होऊन रिटायर झाला. गाव सांगली जिल्ह्यात. फंडाचे पैसे आणि वर बँकेचं कर्ज घालून त्याने एक दहाचाकी सेकंडहँड घेतली होती. सांगलीचा बेदाणा अमृतसरला उतरवून तो रिकामा जम्मूकडे निघाला होता. सफरचंदांचा हंगाम होता, परतीचं भाडं ठरलेलं होतं. पठाणकोट वीसेक किलोमीटरवर असताना खाडकन आवाज झाला, ऑईल रस्त्यावर सांडलं आणि ट्रक जागच्या जागी बसला. कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला होता. माझी पोस्टिंग तेव्हा पठाणकोटला होती, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी अड्ड्यावर पोहोचलो. हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडांची रांग, काळी पडलेली जमीन, चहाची टपरी. ट्रक ओढून आणून लावलेला होता. मिस्त्री साठीच्या घरातले सरदारजी, हातावर ग्रीस कायमचं मुरलेलं. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत. मीही तेच म्हटलं.

निर्णय सोपा होता. ब्लॉक फुटलेला, म्हणजे ओव्हरहॉलचा प्रश्नच नाही. लुधियानाला त्याच मॉडेलचं, मोडीत काढलेल्या ट्रकचं कागदपत्रांसह इंजिन मिळत होतं. किंमत 1,60,000. हवालदारसाहेबांनी फोनवर थोडी घासाघीस केली, मग मान्य केलं. घोडं अडलं होतं ते पुढे. जुनं उतरवून नवं चढवायची मजुरी उस्तादजींनी सांगितली होती 18,000.

"लूट आहे साहेब," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "मिरजेला आपला मिस्त्री दहा हजारांत करतो. इथं परका माणूस बघून चढवलेत. तुम्ही युनिफॉर्ममध्ये एक चक्कर मारली असती तर बारावर आला असता."

मी युनिफॉर्ममध्ये नव्हतो याचं मला बरं वाटलं. पण त्याचा खरा प्रश्न वेगळा होता. "साहेब, तुम्ही आयुष्यभर वर्कशॉपच चालवलीत. तुम्हीच सांगा, वाजवी किती?"

आणि मला उत्तर येईना.

मी ईएमईचा अधिकारी आहे. खडकवासल्याला तीन वर्षं, मग देहरादून, नंतर सिकंदराबादला इंजिनिअरिंग. इंजिन बदलायला किती माणसं आणि किती तास लागतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. हाताशी क्रेन, सपाट जमीन आणि चार हुशार पोरं असतील तर सकाळच्या परेडनंतर सुरू केलेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी हातावेगळं होतं. पण त्या तासांचे पैसे किती, हे वीसेक वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. फौजेत स्पेअर पार्टचा हिशेब नट-बोल्टापर्यंत ठेवला जातो. जवानाचे तास मात्र अधिकाऱ्याला फुकटच वाटतात. पगार वरून येतो, माणूस समोर उभाच असतो.

फुकट वाटणारी गोष्ट आपण कशी उधळतो, याची एक जुनी आठवण मला तिथेच, त्या टपरीवर आली. ती आधी सांगतो.

ईशान्येतली पोस्टिंग होती. मी कॅप्टन. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन, आणि 'व्हेइकल ऑफ रोड'च्या फळ्यावर एक गाडी आठवडाभर लटकलेली. नवं इंजिन आदल्या दिवशीच आलं होतं. सुभेदारसाहेब म्हणाले, "साहेब, उद्या संध्याकाळपर्यंत करतो." मी म्हटलं, "सकाळी फळा कोरा पाहिजे." सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि "जी साब" म्हणाले. त्या एका क्षणाचा अर्थ मला आज कळतो.

पोरं दिवसभराचं काम करून पुन्हा रात्री जुंपली. रात्री दोनच्या सुमारास गिअरबॉक्स इंजिनला भिडवताना तो अर्धा इंच सरकला. एका क्राफ्ट्समनचं डाव्या हाताचं बोट मध्ये सापडलं. वरचं पेर गेलं. पोरगा बावीस वर्षांचा होता. हॉस्पिटलमध्ये मला बघून झोपल्या झोपल्या सावधान व्हायचा प्रयत्न करत होता.

सकाळी फळा कोरा होता. इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौकशी झाली, कागद झाले, ते सगळं नियमाप्रमाणे. पण त्या रात्री मी जे वाचवले ते फक्त आठ-दहा तास होते आणि त्यांची किंमत दुसऱ्याने दिली, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. म्हणून "वाजवी किती" या प्रश्नाला मी त्या रविवारी हवेतलं उत्तर देऊ शकत नव्हतो. चहा मागवला आणि म्हटलं, हिशेब मांडू.

आधी मिरजेच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांना विचारलं, "दहा हजारांत काय काय येतं?" भला माणूस. सरळ सांगितलं. दहा हजार म्हणजे फक्त इंजिन उतरवणं आणि चढवणं. गिअरबॉक्स उतरवायचे आणि क्लच बसवायचे 2,500 वेगळे. क्रेन मालकाची, तिचे 2,000. रेडिएटर आणि इंटरकूलर काढून धुण्याचे 1,500. बेरीज 16,000. म्हणजे आठ हजारांचा फरक दोन हजारांवर आला. दोन दर आपण शेजारी शेजारी ठेवतो, पण ते दोन वेगळ्या कामांचे असतात. आमच्याकडे टेंडर उघडताना हीच चूक होते. आकडे जुळवतो, आकड्यांखालची यादी जुळवत नाही.

उरलेल्या दोन हजारांचंही कारण होतं. मिरजेच्या मिस्त्रींना माहीत आहे की हा माणूस पुढच्या महिन्यात ब्रेक लायनरसाठी पुन्हा येणार. हायवेवरच्या उस्तादजींना हा ट्रक पुन्हा दिसणार नाही. घरच्या गिऱ्हाइकाला दिलेली सूट ही पुढच्या कामांची आगाऊ रक्कम असते. परक्या गावात ती मागायची कशाच्या जोरावर?

मग उस्तादजींकडे गेलो. "उस्तादजी, अठरा हजार कमी करा म्हणत नाही. कसे झाले तेवढं समजावून सांगा." ते जरा चमकले. मग ऑईल फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर खडूने लिहू लागले.

तीन माणसं. ते स्वतः, एक मिस्त्री, एक हेल्पर. प्रत्येकाचे साधारण पंचवीस तास, अडीच दिवसांत. स्वतःचे तासाला 300, मिस्त्रीचे 200, हेल्परचे 100. पंचवीस तासांचे झाले 15,000. वर 3,000 जागेचं भाडं, वीज, चेन-पुलीची झीज, गॅस आणि डिझेलने धुण्याचा खर्च. एकूण अठरा.

पंचवीस तास जास्त वाटतात का? ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅटरी सोडायची, पाणी आणि ऑईल काढायचं. पुढचा शो उघडायचा, रेडिएटर आणि इंटरकूलर बाहेर. डिझेलचे पाइप, हवेचे पाइप, सायलेन्सरचा जोड, वायरिंग, आणि प्रत्येक सुट्या टोकाला खूण. प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्स जॅकवर घेऊन मागे ओढायचा. मग फाउंडेशनचे बोल्ट काढून चारशे किलोंच्या वरचा तो गोळा चेन-पुलीवर उचलायचा. हे झालं उतरवणं. चढवणं म्हणजे हेच उलटं, पण दुप्पट सावकाश. क्लच प्लेट बरोबर मधोमध बसली पाहिजे. गिअरबॉक्स सरळ सरकत आत गेला पाहिजे. त्याचं वजन एक मिनिटही क्लच प्लेटवर लोंबकळलं तर प्लेटची वाट लागते आणि ते दोन महिन्यांनी कळतं. जुन्या इंजिनचं ऑईल आणि लोखंडाचा चुरा इंटरकूलरमध्ये राहिला तर तो नव्या इंजिनच्या पोटात जातो. पहिल्यांदा चालू करण्याआधी डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवायचं, ऑईलचं प्रेशर आलं की मगच स्टार्ट. यातली निम्मी कामं अशी आहेत की ती केली नाहीत तरी ट्रक त्या दिवशी चालू होतोच. मजुरी सहा हजारांनी पाडली तर मिस्त्री कोणती कामं गाळेल, हे ओळखायला इंजिनिअर व्हायला नको.

हवालदारसाहेबांना तरीही पटत नव्हतं. "तासाला तीनशे साहेब! माणूस शिकलेला पण नाही." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला वाईट वाटलं. राग नाही आला, कारण मीही मनात तेच म्हणत आलो होतो. मी त्याच पुठ्ठ्याच्या मागे दुसरा हिशेब मांडला.

"तुम्ही नाईक होता तसा एखादा नाईक आज वर्कशॉपला आहे असं धरू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगाराची सुरुवात 25,500. मिलिटरी सर्व्हिस पे 5,200. झाले 30,700. महागाई भत्ता साधारण निम्मा धरा. 46,050. महिन्याचे पंचवीस दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे दोनशे तास. तासाला किती?"

त्याने मोबाईलवर भाग दिला. "दोनशे तीस."

"यात राशन नाही, कपडे नाहीत, हॉस्पिटल नाही, सुट्टी नाही, पेन्शन नाही. पाऊस पडून वर्कशॉप रिकामी राहिली तरी हे मिळतातच. उस्तादजींना महिन्यात असे ट्रक किती मिळतात विचारा."

उस्तादजी ऐकत होते. मराठी कळत नसलं तरी आकडे कळत होते. ते म्हणाले, "कभी चार, कभी एक भी नहीं." आणि पुन्हा कामाला लागले.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मी आमच्या माणसाला एक गोष्ट विचारली, जी मलाही तोपर्यंत सुचली नव्हती. "तुम्ही ज्या लोखंडाचं पोट कोणी बघितलेलं नाही त्याचे एक लाख साठ हजार फोनवर मान्य केलेत. आणि ते लोखंड नीट बसवणाऱ्या हातांचे अठरा हजार तुम्हाला लूट वाटली. का?"

तो बराच वेळ ट्रककडे बघत राहिला. मग म्हणाला, "लोखंड कमी किमतीत मागता येत नाही साहेब. माणूस मागता येतो." आणि जरा थांबून, "माझंही तेच होतं. डिझेलचा भाव ठरलेला, टोल ठरलेला, हप्ता ठरलेला. दलाल कापतो ते माझ्याच तासांतून."

त्याचं गणित मी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतं. पाच दिवस ट्रक उभा, सफरचंदाचं भाडं दुसऱ्याला गेलेलं, बँकेचा हप्ता दहा तारखेला. अशा माणसाला "अठरा वाजवी आहेत" हे सांगणं सोपं नव्हतं. मी म्हटलं, "पैशांची अडचण असेल तर सांगा." तो म्हणाला, "लागले तर मागेन, पण आधी मेहुण्याला विचारतो." मी पुढे काही बोललो नाही. त्याचा मान त्याच्याकडेच राहिलेला बरा.

शेवटी असं ठरलं. रक्कम अठराच. पण त्यात काय काय, हे कागदावर. इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं, क्लच बसवणं, रेडिएटर आणि इंटरकूलर धुणं, शंभर किलोमीटरची ट्रायल. फाउंडेशनचे रबर नवे, ते मालकाने आणायचे. बसवण्यातल्या चुकीने एक महिन्यात गळती किंवा आवाज झाला तर दुरुस्तीची मजुरी उस्तादजींची. इंजिनच्या आतला दोष निघाला तर तो इंजिन विकणाऱ्याचा. सहा हजार आधी, सहा इंजिन चालू झाल्यावर, सहा ट्रायलनंतर. आणि माझी एक अट: उचललेल्या इंजिनखाली लाकडी ठोकळे लागल्याशिवाय कोणाचा हात आत जाणार नाही, आणि अंधारात गिअरबॉक्स भिडवायचा नाही. उस्तादजी हसले. "कर्नल साब, किसी का हाथ गया था क्या?" मी मान हलवली. त्यांनी पुढे विचारलं नाही.

भांडण तरी एक झालंच. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरचा बोल्ट फ्रेममध्ये तुटला. ड्रिल मारून काढायचे 600 जादा. आमचे म्हणत होते, मजुरीत आलं. उस्तादजी म्हणत होते, नाही. फोनवर पंचायत माझ्याकडे. मी तुटलेल्या बोल्टचा फोटो मागवला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग आतपर्यंत गंजलेला, म्हणजे तडा जुना. तो ट्रकचा, पर्यायाने मालकाचा. तोंड स्वच्छ चकचकीत असतं तर जोर जास्त लावला म्हणून मिस्त्रीचा. हवालदारसाहेबांनी 600 दिले, कुरकुरत.

संध्याकाळी इंजिन चालू झालं तेव्हा त्याने फोन गाडीजवळ धरून मला आवाज ऐकवला. मी वीस वर्षं असले आवाज ऐकतोय, तरी ऐकत राहिलो. नंतर आठवणीने सांगितलं की इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्या आणि लुधियानाची पावती जपून ठेवा. विम्याच्या वेळी तो कागदच आधी मागतात.

आपल्यातले अनेक जण फंडाच्या पैशांतून गाडी घेतात, म्हणून इतकं लांबण लावलं. ठोस आकडा मी सांगू शकत नाही. गाव, गाडी आणि हंगाम बदलला की तो बदलतो. पण मजुरी वाजवी आहे का हे पाहायची रीत मला त्या पुठ्ठ्यावर मिळाली. किती माणसं, किती तास, कोणाचा तास कितीला, जागा-हत्यारांचे किती, आणि काम परत आलं तर कोणाच्या माथी. ही पाच उत्तरं जो मिस्त्री न चिडता देतो त्याच्याशी शंभर-दोनशेसाठी ओढाताण करू नये. जो "दहा हजार, बाकी नंतर बघू" म्हणतो त्याच्याकडे नंतर खरंच बघावं लागतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी परत आल्यावर वर्कशॉपच्या फळ्याशेजारी एक रकाना वाढवायला सांगितला. गाडीच्या नंबरापुढे लागलेले स्पेअर पार्ट असतात, तसे आता लागलेले तासही लिहायचे. सुभेदारसाहेबांनी विचारलं, "साहेब, हे वर पाठवायचे का?" म्हटलं, "नाही. मी रोज वाचणार आहे."

तीन आठवड्यांनी हवालदारसाहेबांचा फोन आला. वेळ पुन्हा साडेनऊनंतरची. इंजिन झकास, ऑईलचा थेंब नाही. दिल्लीचं भाडं मिळत होतं. दलाल दोन हजार कापायला बघत होता.

"मग?"

"मग काय साहेब. बिल्टीच्या मागं तास लिहून दाखवले. चालवायचे इतके, उभं राहायचे इतके."

"ऐकलं त्यानं?"

"हजाराचं ऐकलं," तो म्हणाला. "हजार राहिले. पण पुठ्ठा जपून ठेवलाय."